वर्गाचे नियम आणि घरची भाषा

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही मिस्सावस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली दारात येऊन उभी राहिली. पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणारी, कष्टाने संसार उभा केलेली ही बाई. तिची मुलगी यंदा इंग्रजी माध्यमाच्या एका हायस्कुलात आठवीत गेली आहे. बाईंच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. इंग्रजीच्या तासाचे नियम त्यावर छापलेले होते आणि तळाशी पालकाच्या सहीसाठी रेघ होती.

आम्ही कागद वाचला. नियम सात होते. घंटेपूर्वी वर्गात हजर असावे. पाठ्यपुस्तक, वही आणि शब्दकोश रोज आणावा. गृहपाठ ठरल्या दिवशीच द्यावा, उशीर झाल्यास निम्मे गुण. बोलण्यापूर्वी हात वर करावा. नक्कल आढळल्यास दोघांनाही शून्य. वर्गात व व्हरांड्यात इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलू नये. सातवा नियम असा की, पालकांनी घरीही पाल्याशी इंग्रजीतूनच बोलावे.

"फादर, सही कुठे करायची तेवढं दाखवा," बाई म्हणाल्या. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "पण पोरीनं तो शेवटचा नियम मला वाचून दाखवला. मला तर इंग्रजी येत नाही. मग मी घरी पोरीशी बोलायचंच नाही का?"

वाचकहो, तीस वर्षे व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हांस त्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही. "कागद राहू द्या, बुधवारी या," एवढेच आम्ही म्हणालो. त्या तीन दिवसांत आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो. वर्गाला नियम असावेत ही कल्पना आली कोठून? ते कोणी, कोणासाठी लिहिले? शिकायच्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलू नये, हा नियम कितीसा जुना? जे हाती लागले ते येथे मांडतो. कारण हा प्रश्न एका माउलीचा नाही, आपल्यापैकी बहुतेक घरांचा आहे.

सन १५९९ चे पुस्तक

कॅथलिक शाळांच्या नियमांचा शोध घेऊ लागले की पावले आपोआप येशूसंघाकडे वळतात. सामान्य मुलांसाठी येशूसंघीयांनी चालविलेली पहिली शाळा १५४८ साली सिसिली बेटावरील मेसिना या शहरी निघाली. त्यानंतर युरोपभर आणि युरोपाबाहेरही त्यांची विद्यालये झपाट्याने वाढली. प्रत्येक ठिकाणी आपापली तऱ्हा होऊ नये म्हणून एक समान शिक्षणपद्धती लिहून काढण्याचे ठरले. १५८६ आणि १५९१ साली तिचे मसुदे झाले, ते निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षकांकडे पाठवून त्यांच्या सूचना मागविण्यात आल्या, आणि अखेर १५९९ साली संघाचे प्रमुख क्लाउडिओ अक्वाविवा यांच्या कारकिर्दीत 'रात्सिओ स्तुदिओरुम' हे पुस्तक सिद्ध झाले. अर्धशतकाचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

हे पुस्तक म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत नियमच नियम. परंतु ते चाळताना आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले, ते त्यांच्या क्रमाचे. आरंभी प्रांतप्रमुखांचे नियम, मग विद्यालयाच्या रेक्टरचे, मग अभ्यासाच्या देखरेखप्रमुखाचे, त्यानंतर शिक्षकांचे. विद्यार्थ्यांचे नियम येतात ते पुस्तकाच्या पार शेवटी शेवटी. खालच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी सर्वसाधारण नियम पन्नास आहेत. बाहेरून शिकावयास येणाऱ्या मुलांसाठी अवघे पंधरा. ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याच्यावर अधिक नियम आणि तेही आधी, असा हा हिशेब आहे.

त्या पन्नासांत काय आहे? विद्यार्थ्याचा निबंध तपासावयाचा तो शक्यतो एकेकाला जवळ घेऊन, हलक्या आवाजात. शिक्षा करण्याची घाई करू नये आणि चुका खणून काढण्याचा फार सोसही बाळगू नये. कोणास शब्दाने वा कृतीने दुखवू नये. कोणत्याही मुलास त्याच्या नावाआडनावाखेरीज दुसऱ्या कशानेही हाक मारू नये. आणि अखेरचा पन्नासावा नियम असा की, कोणासही तुच्छ लेखू नये; श्रीमंताच्या मुलाइतकीच गरिबाच्या मुलाच्या अभ्यासाची काळजी वाहावी. शाळेत प्रवेश देतानाही दारिद्र्य अथवा हलके कुळ या कारणास्तव कोणास परत पाठवू नये, अशी देखरेखप्रमुखास स्वतंत्र ताकीद आहे.

विद्यार्थ्यांचे नियम वाचताना त्या काळची मुले डोळ्यांपुढे उभी राहतात. शाळेत येताना तलवार, खंजीर, सुरी बरोबर आणू नये, असा एक नियम आहे! शपथा वाहू नयेत, शिवीगाळ करू नये, बाकांची खराबी करू नये, शिक्षकांचे ऐकावे. लेखी परीक्षेचे नियम तर कालच लिहिल्यासारखे वाटतात. वेळेवर यावे, कारण विषय एकदाच सांगितला जाईल. एकदा शांतता पुकारली की कोणाशी बोलू नये. लिहिलेले पुन्हा एकवार लक्षपूर्वक वाचून मगच स्वाधीन करावे; स्वाधीन केल्यावर ते परत मिळणार नाही. आणि शेजाऱ्याबाबत सावध असावे. कारण दोन लेख सारखे आढळले तर दोन्ही संशयास्पद ठरतील, कोणी कोणाचे उतरविले हे कळण्यास मार्ग नसतो. आमच्या बाईंच्या कागदावरील पाचवा नियम, नक्कल करणाऱ्या दोघांनाही शून्य, हा अशा रीतीने चारशेहून अधिक वर्षांचा म्हातारा आहे. आज निबंध शेजाऱ्याच्या वहीतून नव्हे तर मोबाइलच्या यंत्रबुद्धीकडून उतरविले जातात, एवढाच फरक.

हे पुस्तक निर्दोष होते असे मात्र नव्हे, आणि आपल्याच घरची गोष्ट म्हणून आम्ही ते झाकणार नाही. छडी त्या शाळांतही होती. येशूसंघीयाने स्वतः मुलावर हात उगारू नये एवढ्यासाठी त्या कामाला संघाबाहेरचा एक माणूस नेमावा, असा नियम होता. मार चुकला नव्हता, फक्त हात बदलला होता. आणि विद्यार्थ्यांनी तमाशे, नाटके वा गुन्हेगारांचा देहदंड पाहण्यास जाऊ नये असे सांगणारा जो नियम आहे, त्यात पाखंड्यांच्या देहदंडाचा अपवाद केलेला आहे. हे वाचताना आमची मान खाली गेली. नियम लिहिणारा कितीही थोर असला तरी तो आपल्या काळाचा कैदी असतो. म्हणूनच प्रत्येक पिढीने आपले नियम पुन्हा पुन्हा तपासून पाहिले पाहिजेत.

भाषेची सक्ती आणि तिच्या मर्यादा

आता बाईंच्या कागदावरील सहाव्या नियमाकडे वळू. तोही नवा नाही. त्या वेळी विद्येची भाषा लॅटिन होती. मुलांनी लॅटिनमध्येच बोलावे, असा नियम १५९९ च्या पुस्तकात स्पष्ट आहे, आणि जे हयगय करतील त्यांची नोंद ठेवावी असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे आज आपल्या शाळांत इंग्रजीच्या बाबतीत जे घडते, त्याचे मूळ आपल्याच परंपरेत सापडते.

परंतु नियम पूर्ण वाचला पाहिजे. त्याला तीन कुंपणे आहेत. एक, ज्या वर्गांतील मुलांना लॅटिन अद्याप येतच नाही त्यांना तो लागू नाही. खालच्या वर्गांत पाठ समजावून सांगताना मातृभाषेचा आधार घ्यावा, अशी सोय आहे. दोन, तो शाळेच्या कामापुरता आहे. मूल घरी आईशी कोणत्या भाषेत बोलते यात पुस्तक डोकावत नाही. तीन, शिक्षकाने स्वतः सदैव लॅटिनमध्ये बोलले पाहिजे. नियम आधी त्याच्या जिभेवर. ही तीन कुंपणे काढून टाकली की मागे उरते ती निव्वळ जबरदस्ती.

पुढे काळ बदलला तशी मातृभाषेची जागा वाढत गेली. फ्रान्समध्ये संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी १६८० च्या सुमारास गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविणारा बंधुसंघ उभा केला. तोवर वाचन शिकवावयाचे ते लॅटिन पुस्तकावरून, अशी रूढी होती. दे ला साल यांच्या ध्यानात आले की गरिबांची मुले शाळेत थोडीच वर्षे टिकतात. लॅटिनची अक्षरे गिरवता गिरवता शाळा सुटते आणि मूल कोणतीच भाषा वाचू शकत नाही. म्हणून त्यांनी वाचनाचा आरंभ फ्रेंचपासून केला. त्यांच्या शाळांची नियमावली १७२० साली छापली गेली. तिच्यात शांततेवर एवढा भर की शिक्षकानेही शक्य तेथे न बोलता लाकडी खुणेने काम भागवावे. येथेही तेच, नियम मुलांना, तसाच मास्तरांना. खुद्द येशूसंघानेही १८३२ साली आपली शिक्षणपद्धती सुधारून मातृभाषेच्या अभ्यासास पूर्वीपेक्षा अधिक स्थान दिले. आणि ज्या लॅटिनसाठी एवढा खटाटोप झाला, त्या लॅटिनची उपासनेतील सक्तीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात सैल केली. आज आपण 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मराठीत म्हणतो आणि देव ते ऐकतो.

गळ्यातला बिल्ला

मात्र कुंपणे मोडून टाकणारी एक निराळी वाटही इतिहासात आहे. युरोपातील जुन्या लॅटिन शाळांत, कोण मातृभाषेत बोलतो हे टिपण्यासाठी मुलांतूनच एखादा हेर नेमीत. त्याला 'लुपुस', म्हणजे लांडगा, म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकात वेल्स प्रांतातील शाळांतून 'वेल्श नॉट' नावाची चाल पडली. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. त्याने कान टवकारून दुसऱ्या एखाद्याला वेल्श बोलताना पकडावयाचे आणि तो तुकडा त्याच्या गळ्यात घालून आपली सुटका करून घ्यावयाची. शाळा सुटताना तुकडा ज्याच्या गळ्यात, त्याला शिक्षा. १८४७ सालच्या सरकारी अहवालात या चालीची नोंद आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्रेटन बोलणाऱ्या मुलांच्या वाट्यालाही असेच काही आले. केनियातील लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेत हातोहात फिरणाऱ्या अशाच एका वस्तूविषयी १९८६ सालच्या पुस्तकात लिहिले आहे.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटले. कारण तो तुकडा आमच्याही गळ्यात पडला होता.

१९८१-८२ चे वर्ष असावे. आम्ही सहावीत होतो. आमच्या वर्गात पुठ्ठ्याचा एक बिल्ला असे, दोऱ्यात ओवलेला. मराठी बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो जाई, आणि शेवटच्या तासाला ज्याच्याकडे असेल त्याला दहा पैसे दंड. एके दुपारी बिल्ला आमच्या गळ्यात होता आणि खिशात दहा पैसे नव्हते. तास संपत आला होता. शेजारी आमचा जिवलग मित्र बसला होता. तो त्या दिवशी कटाक्षाने गप्प होता. आम्ही बाकाखाली बूट उचलला आणि त्याच्या अनवाणी पायावर जोराने दिला. त्याच्या तोंडून निघाले, "आई गं!" आम्ही बिल्ला काढून त्याच्या गळ्यात घातला. शिक्षकांनी आमच्या कानाचे कौतुक केले. दंड मित्राने भरला.

तो मित्र आज आपल्या शेजारच्या गावी राहतो, अधूनमधून भेटतो. ती गोष्ट त्याला आठवत नाही असे तो म्हणतो. आम्हांला आठवते. त्या नियमाने आम्ही इंग्रजी किती शिकलो ते सांगता येत नाही. पण वेदना झाली असता माणूस ज्या भाषेत ओरडतो ती भाषा गुन्हा आहे, आणि स्वतःची सुटका करावयाची तर मित्राच्या पायावर पाय द्यावा लागतो, हे दोन धडे मात्र आम्ही त्या दिवशी पक्के शिकलो. शिक्षक वाईट नव्हते. मुलांचे भले व्हावे असेच त्यांना वाटे. नियमच असा होता की तो चांगल्या मुलाला हेर बनवी.

नियम सांगितल्यावर शिक्षक कोठे उभा राहतो?

तर मग नियम नकोतच का? असे आम्ही म्हणणार नाही. ज्या वर्गात नियम नसतात तेथे मोठ्या आवाजाच्या मुलाचे राज्य असते, आणि भित्रे, गरीब, नव्याने आलेले मूल भिंतीला टेकून बसते. हात वर करून बोलण्याचा नियम खरे तर त्या मुलासाठी असतो. शब्दकोश आणण्याचा, गृहपाठ वेळेवर देण्याचा, आपले लिहिणे आपणच लिहिण्याचा नियम हा तर अभ्यासाचा कणा होय.

नियम केव्हा तारतो आणि केव्हा मारतो, याचे उत्तर आम्हांस संत जॉन बॉस्को यांच्या लहानशा लेखात मिळाले. तुरिनच्या रस्त्यांवरील पोरक्या पोरांत आयुष्य घालविलेल्या या धर्मगुरूने १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीविषयी थोडक्यात लिहून ठेवले. ते दोन पद्धती सांगतात, दडपणाची आणि प्रतिबंधाची. गंमत अशी की दोन्हींची पहिली पायरी एकच आहे: नियम आधी सर्वांना नीट सांगावेत. फरक पडतो तो त्यानंतर. दडपणाच्या पद्धतीत शिक्षक नियम सांगून दूर उभा राहतो, आणि कोण चुकतो हे टिपून शिक्षा करतो. प्रतिबंधाच्या पद्धतीत तो नियम सांगून मुलांच्यात जाऊन बसतो, आणि मूल चुकण्याच्या बेतात असतानाच प्रेमळ बापाप्रमाणे त्याला सावरतो. विवेक, धर्म आणि ममता या तीन पायांवर ती पद्धत उभी आहे.

तेव्हा कागदावरचे शब्द तेच असले तरी नियम दोन प्रकारचे असू शकतात. तो कोणता आहे हे कागद वाचून कळत नाही. शिक्षक कोठे उभा आहे हे पाहिले की कळते.

आपल्या मुलखाचा अनुभव

आपल्या मुंबई इलाख्यात इंग्रजीचा तास कसा आला, तेही थोडक्यात पाहू. १८३५ साली मेकॉले यांचे प्रसिद्ध टिपण झाले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. मुंबईत मात्र वाद सहजी मिटला नाही. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे या मताचे. त्याच मंडळातील नाना शंकरशेट आणि कर्नल जर्विस यांचा आग्रह देशी भाषांसाठी. १८४० नंतरच्या दशकात हा सामना रंगला. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने दोन्ही भाषांना जागा देऊ केली; परंतु १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेथील परीक्षा इंग्रजीत होऊ लागल्या, आणि माध्यमिक शाळांचे तोंड हळूहळू इंग्रजीकडे वळले. १८६९ साली मुंबईत येशूसंघीयांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढले ते याच काळात. १८८० साली चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी पुण्यात राष्ट्रीय वृत्तीची शाळा काढली, तिचेही नाव न्यू इंग्लिश स्कूल! इंग्रजी शिकणे आणि आपली भाषा टाकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या पिढीला ठाऊक होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन ज्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्याला इंग्रजी वाक्य जोडीत जोडीतच शिकल्या. मराठी ही त्यांची अडचण नव्हती, शिडी होती.

उलट दिशेची सक्तीही आपण पाहिली आहे. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने असा आदेश काढला की, अँग्लो-इंडियन अथवा बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांस इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी व काही पालकांनी दाद मागितली. त्यांत ज्यांच्या घरची भाषाच इंग्रजी होती असे एक भारतीय ख्रिस्ती पालकही होते. उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाविरुद्ध ठरविला. मुलाने काय शिकावे यात पालकाचा शब्द मोठा असतो, हीच गोष्ट १९६५ साली व्हॅटिकन परिषदेनेही आपल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितली: आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक. ज्या न्यायाने सरकारला घरचे इंग्रजी रोखता येत नाही, त्याच न्यायाने शाळेला घरची मराठी कशी रोखता येईल?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली. शिक्षण शक्य तेथवर मातृभाषेत असावे आणि मूल भयमुक्त असावे, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. दहा पैशांचा बिल्ला आज कायद्यानेही टिकणार नाही. परंतु बिल्ला गळ्यातून गेला तरी मनातून गेला आहे का? पालक सभेत आमच्या बाया शिक्षकांपुढे गप्प बसतात, कारण आपले मराठी तेथे चालणार नाही असे त्यांना वाटते. घरात सामवेदी, चर्चमध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणारे आपले मूल तीन भाषांचे धनी असते. आपण मात्र त्याला एका भाषेचा कच्चा विद्यार्थी समजतो.

दोन माणसे, दोन भाषा

भाषा शिकण्याचा खरा नियम कोणता, हे सांगणारी दोन माणसे आपल्या अंगणातच आहेत. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने येथील लोकांवर आपली भाषा लादली नाही. तो त्यांचा विद्यार्थी झाला आणि १६१६ साली त्याचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. आपल्या भूमीवर येऊन भाषा शिकलेला पहिल्या इंग्रजांपैकी हा एक, आणि तो इंग्रजी शिकविण्यासाठी नव्हे, मराठी शिकून घेण्यासाठी झटला.

दुसरे आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांपाशी शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयात जपानला गेला आणि तेथील भाषा अशी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना राज्यकर्त्यांपुढे बोलताना त्याचाच आधार असे. १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर त्याने प्राण दिले. जपानी भाषा त्याला दंडाच्या भीतीने आली नाही. ज्यांच्यात राहावयाचे त्यांच्याशी बोलावे, ही ओढ होती. त्या ओढीने त्याच्या तोंडी एक भाषा अधिक आली. घरची भाषा काढून घेतली गेली नाही.

पेंटेकॉस्टच्या दिवशी जेरुसलेमात जमलेल्या लोकांनी प्रेषितांचे बोलणे आपापल्या जन्मभाषेत ऐकले, असे आपण दरवर्षी वाचतो. पवित्र आत्म्याने त्या दिवशी सर्वांना एक भाषा शिकविली नाही.

बुधवारी

ठरल्याप्रमाणे बाई बुधवारी संध्याकाळी आल्या, बरोबर मुलगीही होती. आम्ही त्यांना म्हणालो, "बाई, पहिले पाच नियम चांगले आहेत. त्यांवर डोळे मिटून सही करा, आणि पोरीकडून ते पाळून घ्या. सहावा वर्गापुरता असेल तर तोही सोसता येईल; इंग्रजीच्या तासाला इंग्रजी बोलल्याशिवाय जीभ वळत नाही. पण तुमचं घर हा शाळेचा व्हरांडा नव्हे. सातव्यावर सही करायला तुम्ही बांधील नाही."

"मग कागद परत पाठवू?" त्या घाबरून म्हणाल्या.

मुलगीच मध्ये बोलली. "आई, मी रोज रात्री तुला इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचून दाखवीन आणि मराठीत सांगीन. तू फक्त ऐक." तर्खडकरांच्या पाठमालेची पाने आमच्या डोळ्यांपुढून गेली.

शेवटी सातव्या नियमाच्या शेजारी बाईंनी आपल्या हाताने मराठीत लिहिले, "आम्ही घरी आमच्या भाषेत बोलतो. अभ्यास रोज करून घेईन." आणि खाली मराठीत सही केली. वळण जरा वाकडे होते, पण ठाम होते. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः शाळेत जाऊन त्या शिक्षिकेस भेटलो. तरुण, मेहनती बाई. सातवा नियम आपण लिहिलेला नाही, मागील वर्षाच्या कागदावरून तसाच उतरला, असे त्या संकोचून म्हणाल्या. येथेही नक्कलच! पुढील वर्षी तो गाळता येईल का हे त्या वरिष्ठांना विचारणार आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही.

आम्ही त्यांना एकच विनंती केली, तीच येथे सर्व शिक्षकांना आणि पालकांना करतो. जूनमध्ये मुलांच्या हाती नियमांचा कागद देताना त्याच्या वरच्या अर्ध्या भागात शिक्षकाचे नियम लिहावेत: मी वेळेवर येईन, वह्या वेळेवर तपासून देईन, चुकलेल्यास हलक्या आवाजात सांगेन, कोणास नावाखेरीज हाक मारणार नाही, तुमच्या आईच्या भाषेला हसणार नाही. त्याखाली विद्यार्थ्यांचे नियम यावेत. क्रम तोच, १५९९ सालचा. मग पालकाच्या सहीच्या रेघेशेजारी शिक्षकाच्याही सहीची रेघ असावी.

आणि आमचा तो मित्र येत्या रविवारी मिस्सेला येणार आहे. चाळीसहून अधिक वर्षे उशीर झाला आहे खरा. पण त्याची क्षमा मराठीतच मागावयाची, असे आम्ही ठरविले आहे.